पैसा घरी मुक्कामाला थांबेना

दारूत किती पैसे गेले याचा आकडा माझ्या दादाकडे तयार असतो. व्यसनमुक्ती केंद्रात त्याच्याकडून तो काढून घेतला होता. रोजची बाटली, तिचा त्या त्या वर्षीचा भाव, वर्षाचे दिवस, त्यातून श्रावण वजा. पाठकोऱ्या कागदावरचा तो गुणाकार अजून घडी घालून त्याच्या पाकिटात आहे. घरी कुणी आलं आणि विषय निघाला की दादा न लाजता तो आकडा सांगतो. ऐकणारे 'बाप रे' म्हणतात. वहिनी तेवढ्यात चहा ठेवायला म्हणून आत निघून जाते. "हे नुसते दुकानदाराचे झाले," असं ती मला एकदा ओट्यापाशी म्हणाली होती.

पगारदार नोकरांच्या एका पतसंस्थेत हिशोबनीस म्हणून माझं निम्मं आयुष्य गेलं. कर्जाचे अर्ज, जामीनदारांच्या सह्या, थकबाकीच्या नोटिसा हेच माझं वाचन. त्यामुळे या बाबतीत मी पूर्णपणे वहिनीच्या बाजूची आहे. दारूच्या खर्चात बाटली ही सगळ्यात स्वस्त बाब असते.

तरी आधी बाटलीचंच बघू, म्हणजे अंदाज येईल. जून २०२५ मध्ये राज्य सरकारनं मद्यावरचं शुल्क वाढवलं, तेव्हा १८० मिलीच्या बाटलीची, म्हणजे क्वार्टरची, किमान किंमतही ठरवून दिली. देशी ८० रुपये, साधी विदेशी २०५, उंची विदेशी ३६०. रोज एक साधी क्वार्टर धरली तर वर्षाचे झाले ७४ हजार ८२५. वीस वर्षं हाच भाव राहिला असं मानलं, तर जवळजवळ पंधरा लाख. यात चखणा नाही, सोडा नाही, परमिट रूममधल्या वेटरची टिप नाही. 'आज माझ्याकडून' म्हणून चार जणांना पाजलेली नाही. आणि रोज एकाच क्वार्टरवर थांबणारा माणूस वीस वर्षं तिथंच थांबत नसतो.

माझी सवय अशी की रक्कम दिसली की तिला व्याज लावून बघायचं. महिना सहा हजार रुपये वीस वर्षं सात टक्क्यांनी साठवले तर सुमारे ३१ लाख होतात. मुद्दल साडेचौदा लाखांच्या आत, बाकी सगळं व्याज. हे मी दादाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. पण नंतर माझ्या लक्षात आलं की माझाही हिशोब पुस्तकी आहे. दर महिन्याला सहा हजार बाजूला पडतील आणि वीस वर्षं त्यांना कुणी हात लावणार नाही, असं मी गृहीत धरलं होतं. त्या घरात नेमकं तेच होऊ शकत नव्हतं. तिथं पैसा रात्रभर मुक्कामालासुद्धा थांबत नसे.

दादा नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर होता. पगार सात तारखेला. वहिनीनं पहिल्या काही वर्षांतच ओळखलं की या माणसाच्या हाताला लागण्याआधी पैशाचं काहीतरी दुसरं करून टाकलं पाहिजे. मग सात तारखेला संध्याकाळी ती कारखान्याच्या फाटकाशी उभी राहायची. तिथून घरी येईपर्यंत वाण्याचा महिना, दूध, लाइटबिल, मुलीच्या क्लासची फी असं सगळं वाटेतच चुकतं करायची. फी तर पुढच्या तिमाहीचीही. एप्रिल-मे महिन्यांत वर्षाचा लोकवन गहू ती जरुरीपेक्षा जास्त घ्यायची, कारण गव्हाच्या कोठीतून दारूचे पैसे काढणं जरा अवघड जातं. अशक्य नाही, एका वर्षी दादानं पन्नास किलोचं पोतं परत वाण्याकडे नेऊन दिलं होतं.

उरलेले पैसे लपवायचे. डाळीचा डबा ही जागा सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, त्यामुळे ती पहिल्याच वर्षी बाद झाली. नंतर गादीची खोळ, देवघरातल्या फोटोच्या मागची फळी, शिलाई मशीनचा खण. पोस्टाची आरडी तिनं महिला एजंटमार्फत काढली आणि पासबुक त्या एजंटबाईंच्याच घरी ठेवलं. पण पोस्टाचं काहीतरी पत्र घरी आलं आणि बिंग फुटलं. तेव्हा तीन वर्षं होऊन गेली होती. पाच वर्षांची आरडी तीन वर्षांनंतर मुदतीआधी मोडली तर साध्या बचत खात्याचं व्याज मिळतं. तसं मोडून पैसे घरी आले आणि पुढचा आठवडा दादा कामावर गेला नाही.

शेवटी तिला सापडली भिशी. गल्लीतल्या बाया दर महिन्याला ठरावीक रक्कम काढत, चिठ्ठी टाकत आणि जिचं नाव निघेल तिला सगळे पैसे. प्रत्येकीची धडपड आपला नंबर लवकर लागावा म्हणून. जिला पहिली भिशी लागते ती खरं तर बिनव्याजी कर्ज घेते आणि शेवटची बाई बिनव्याजी ठेव ठेवते. वहिनी दरवर्षी मागून शेवटचा नंबर घ्यायची. बायांना वाटायचं, काय मोठ्या मनाची आहे. ती मला म्हणाली, "ताई, तेवढे महिने पैसे दुसऱ्यांच्या घरी राहतात ना." माझ्या नोकरीत मी गुंतवणुकीवरची पुष्कळ भाषणं ऐकली. परतावा आणि जोखीम यावर बोलणाऱ्या कुणीही, आपल्याच नवऱ्यापासून पैसा सुरक्षित ठेवायचा तर किती व्याज सोडावं लागतं, हे सांगितलं नाही. त्या घरानं पंचवीस वर्षांत पैसे ठेवण्याच्या जेवढ्या जागा निवडल्या, त्या सगळ्या लपण्यासाठी निवडल्या. वाढण्यासाठी एकही नाही. याची किंमत कुठल्या पाठकोऱ्या कागदावर येणार?

आता श्रावणाबद्दल. दादा श्रावण कडक पाळायचा. गटारीला पोटभर पिऊन दुसऱ्या दिवसापासून थेंब नाही. आमच्या घरात याचं फार कौतुक. 'व्यसन असतं तर श्रावण पाळता आला असता का?' हा प्रश्न आईनं इतक्या वेळा विचारलाय की तो आम्हाला उत्तरासारखाच वाटायला लागला होता. राखीपौर्णिमा श्रावणात येते आणि भाऊबीज दिवाळीच्या बोनसच्या आठवड्यात. त्यामुळे मला दोन भाऊ होते. राखीचा दादा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पाटावर बसायचा. भाऊबीजेच्या दादाला पाटावर बसवावं लागायचं. एका भाऊबीजेला सकाळी त्यानं माझ्या यजमानांकडून पाचशे रुपये उसने घेतले आणि दुपारी तेच ओवाळणी म्हणून माझ्या ताटात टाकले. यजमान ती नोट ओळखून हसू दाबत होते. आज आम्हीही हसतो. दादा सर्वांत जास्त.

पण शेवटच्या काही वर्षांत श्रावण अवघड होत गेला. पहिल्या दिवशी हात थरथरायचे, दरदरून घाम, रात्रभर झोप नाही. एकदा दुसऱ्या दिवशी सकाळी देवाला फुलं वाहताना त्याला फिट आली. तोंडाला फेस, डोळे पांढरे. शेजारच्या काकांनी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल हुंगवा म्हणालं. फेफरं असेल, बाहेरचं काही असेल, अशीच सगळ्यांची समजूत. जन्मभर ज्याला फेफरं नाही त्याला श्रावणाच्या दुसऱ्या दिवशीच का, हा प्रश्न आमच्यापैकी कुणाला पडला नाही. नंतर मानसोपचाराच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, ते मला अजून पाठ आहे. रोज दारू मिळत असली की तिच्या गुंगीवर मात करण्यासाठी मेंदू स्वतःला सतत चेतवून ठेवायला शिकतो. दारू एकदम बंद केली की गुंगी जाते, चेतवणं तसंच राहतं. त्यातून शेवटच्या घोटानंतर साधारण दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो, भिंतीवर किडे दिसतात, माणसं दिसतात, आणि उपचार झाले नाहीत तर त्यात जीवही जातो. म्हणजे ज्या श्रावणाला आम्ही व्यसन नसल्याचा दाखला समजत होतो, तो व्यसन असल्याचा दाखला होता. इतक्या जुन्या पिणाऱ्यानं एकाएकी स्वतःच्या मनानं दारू तोडू नये, ती डॉक्टरच्या देखरेखीखाली औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन उतरवावी लागते, हे आमच्या गल्लीत तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. आजही फारशा लोकांना माहीत असेल असं वाटत नाही.

कारखान्यातल्या पतसंस्थेचं कर्ज हा दादाच्या कागदावर न आलेला दुसरा भाग. (माझी पतसंस्था वेगळी, पण पोटनियम सगळीकडे सारखेच.) कर्जाच्या अर्जात 'कारण' असा रकाना असतो. तिथं दारू असं कुणीही लिहीत नाही. दादानं घरदुरुस्ती लिहिलं. त्या कर्जातून मोरीला बसायच्या होत्या त्या फरशा आजतागायत बसलेल्या नाहीत. माझ्या टेबलावर असे अर्ज पुष्कळ यायचे. एकाच माणसाची तीन वर्षांत दोनदा घरदुरुस्ती, मध्ये एक 'आईचे औषधोपचार', आणि पगार झाला की चार दिवसांतच आगाऊ उचल, त्यामुळे हप्ता मात्र कमी पडतोय. अर्ज मंजूर व्हायचे. नियमात बसत होते.

पतसंस्थेचं कर्ज जामीनदारांवर चालतं. दोन सभासद सही करतात आणि बऱ्याचदा ती सही चहाच्या टपरीवर होते, कागद न वाचता. दादाला जामीन राहिलेल्यांपैकी एक त्याचा अगदी जवळचा दोस्त, सिन्नरकडचा. दोघं एकाच साली लागले, एकाच मशीनवर शिकले. तो पीत नव्हता. दादाचे बिनपगारी खाडे वाढले, पगार हातात येईना, हप्ते थकले. सहकार कायद्यात पगारातून परस्पर कपात करण्याची सोय आहे, कलम १०१ खाली वसुलीचा दाखला काढता येतो, आणि कर्जदाराकडून वसूल होत नसेल तर जामीनदार आहेच. त्या दोस्ताचा पगार कापला जायला लागला तेव्हा त्याच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. तो दादाकडे आला. भांडला नाही. ओसरीवर बसून एवढंच म्हणाला, "मी तुझ्यासाठी सही केली होती, बाटलीसाठी नव्हती केली." दादा तेव्हा आत झोपलेला होता. ऐकलं वहिनीनं. पुढं दोन-तीन महिने पोळ्या लाटून आलेले पैसे ती त्याच्या घरी नेऊन देत होती, नंतर तेही जमेना.

वहिनीच्या पोळ्यांचं सांगायचं राहिलं. मुलगी आठवीत असताना तिनं घरी पोळी-भाजी केंद्र सुरू केलं. सकाळी चारला उठून कंपन्यांमधल्या पोरांचे डबे. आज तिचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. डॉक्टर म्हणतात, बदलायला हवेत. त्याचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा, असं मी हिशोबनीस म्हणून विचारलं तर दादा मान खाली घालतो.

या सगळ्यात ज्याची जमेची बाजू कधी चुकत नाही असा एकच भागीदार आहे, तो म्हणजे सरकार. त्याच जून २०२५ च्या निर्णयात भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. त्यातून वर्षाला १४ हजार कोटींचा जादा महसूल अपेक्षित असल्याचं सांगितलं गेलं. आणि गंमत अशी की राज्यातल्या दारूचा कारभार ज्या कायद्यानं चालतो तो १९४९ चा कायदा दारूबंदीचा आहे. त्या कायद्यानुसार प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांत मिळतो, आजन्म परवाना हजार रुपयांत. कायद्यात आरोग्याच्या कारणासाठीही परवान्याची तरतूद आहे. दादाकडे आजन्म परवाना होता. त्या घरात रेशन कार्डाच्या घड्या फाटल्या होत्या, मुलीचा जातीचा दाखला पावसात भिजला होता. लॅमिनेशन केलेला कागद फक्त तेवढा एक.

दारूबंदीच्या बाजूनं मी आहे का, असं कुणी विचारलं तर मला लगेच हो म्हणता येत नाही. वर्ध्यात १९७५ पासून बंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपूरच्या बायांनी चिमूरहून नागपूरपर्यंत पायी मोर्चा नेला आणि २०१५ मध्ये बंदी मिळवली. सहा वर्षांनी सरकारनं ती उठवली. बेकायदा दारू वाढली, महसूल बुडाला, अशी कारणं दिली गेली. त्यातलं दुसरं कारण मला जास्त खरं वाटतं. गावठी दारूचं भय खोटं नाही. २०१५ मध्येच, मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली, आणि ती सगळी गरीब होती. पण वहिनीला विचारलं तर ती म्हणते, दुकान घरापासून लांब असतं तरी पुरलं असतं. आमच्या कोपऱ्यावरचं दुकान आणि बसस्टॉप यांच्यात दहा पावलांचं अंतर होतं.

उपाय मात्र सगळे करून झाले. निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला जाऊन दादानं माळ घातली. तुळशीची माळ गळ्यात पडली की दारू-मटण सुटतं, ही आपल्याकडची सगळ्यात जुनी व्यसनमुक्ती, आणि अनेकांची तिनं खरंच सुटलेली मी पाहिली आहे. दादाची काही महिने टिकली. नंतर एका संध्याकाळी त्यानं माळ काढून देवघराच्या खुंटीला अडकवली, नमस्कार केला आणि बाहेर पडला. माळ घालून प्यायला नाही, एवढा मान त्यानं राखला. आईला दारूपेक्षा माळ उतरवल्याचं दुःख जास्त झालं.

मग पुडी. 'पेशंटच्या नकळत दारू सोडवा' अशी जाहिरात एसटी स्टँडच्या भिंतीपासून पेपरापर्यंत सगळीकडे दिसते. कुणीतरी वहिनीला पत्ता दिला. बरेच पैसे मोजून तिनं पुड्या आणल्या आणि भाजीत कालवायला सुरुवात केली. दोन दिवसांनी दादा बाहेरून पिऊन आला आणि लालबुंद झाला. छाती धडधडायला लागली, उलट्या सुरू झाल्या, अंगणातच बसला. पुडीत काय होतं ते देव जाणे, पण डॉक्टरांचा तर्क डायसल्फिरामचा होता. हे औषध खरं आहे आणि जुनं आहे. १९४८ च्या सुमारास डेन्मार्कमधले दोन संशोधक जंतांवरचं औषध म्हणून हे रसायन स्वतः घेऊन बघत होते. त्यावर दारू घेतली की भयंकर त्रास होतो हे त्यांना स्वतःच्या अंगावरच कळलं. दारू शरीरात पचताना मध्ये एक विषारी पदार्थ तयार होतो, एरवी तो लगेच पुढे मोडतो. डायसल्फिराम ते मोडणं अडवतं. माणसाला माहीत असेल, त्याची तयारी असेल, डॉक्टर पाठीशी असेल, तर त्या भीतीचा उपयोग होतो. चोरून दिलं तर रक्तदाब कोसळून माणूस जाऊ शकतो. त्या रात्री वहिनीला दोन भीती होत्या. हा मरेल ही एक. वाचला आणि भाजीत काय होतं ते त्याला कळलं तर, ही दुसरी.

दवाखान्याचा मोठा खर्च आला तो दादानं व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेतल्यावर. तिचे एकरकमी पैसे मिळतात, आणि एकरकमी पैसे त्या घरात किती दिवस टिकले असतील ते सांगायला नको. नोकरीबरोबर ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याच्या दवाखान्याचं, कार्डही गेलं. एका पहाटे त्याला रक्ताची उलटी झाली, बादलीत मोजता येईल एवढी. लिव्हर कडक झालं की त्यातून जाणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही. ते अन्ननलिकेच्या शिरांमध्ये तुंबतं, शिरा फुगतात आणि फुटतात. दुर्बीण घालून त्या शिरांना रबराचे बंद बांधले. पोटात पाणी झालं होतं, ते काढलं. अल्ब्युमिनच्या, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाच्या, बाटल्या लावल्या. यातली एकेक बाटली पाहून दादा पुढं एकदा म्हणाला होता, "आयुष्यात घेतलेली सगळ्यात महागडी."

भाचीनं, म्हणजे दादाच्या मुलीनं, नोकरी लागल्यावर आईवडिलांचा आरोग्य विमा काढला होता. दावा नामंजूर झाला. केसपेपरवर पहिल्याच ओळीत अनेक वर्षांच्या मद्यपानाची नोंद होती. विमा नियामकानं आरोग्य विम्याचे जे सामाईक अपवाद ठरवून दिलेत, त्यात बारा क्रमांकाचा अपवाद व्यसनाचा आहे. व्यसनावरचे उपचार आणि त्याचे परिणाम, दोन्ही वगळलेले. मी पॉलिसी पुन्हा पुन्हा वाचली, धंद्याच्या सवयीनं पळवाट शोधली. सापडली नाही. दारूवर कर घेताना ती चालते, तिच्यावरचा इलाज मात्र विम्यात चालत नाही, हे पाहून मला संताप आला होता आणि अजून येतो. हप्ते भाचीनं भरले होते. तिनं थेंबालाही हात लावलेला नव्हता. शेवटी वहिनीचं मंगळसूत्र सोडून बाकीचं सोनं तारण ठेवलं. त्यातलं थोडं सुटलं, पाटल्या लिलावात गेल्या.

डॉक्टरांनी लिव्हरचा रिपोर्ट दाखवून सांगितलं, आता एकच औषध आहे, न पिणं. हे वाक्य त्यानं आधीही ऐकलं होतं. या वेळी तो केंद्रात जायला तयार झाला. का, ते त्यालाही नीट सांगता येत नाही. आपल्याकडे या कामाची परंपरा तशी चांगली आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या प्रतिष्ठाननं दिलेल्या एक लाखाच्या देणगीवर. पण गरजेच्या मानानं हे सगळं अगदी तोकडं. २०१९ च्या सरकारी पाहणीनुसार देशात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ माणसांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं दिसलं. दादा त्या ३८ मधला तो एक. केंद्रातून बाहेर पडल्यावर त्याला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांची सवय लागली. १९३५ मध्ये अमेरिकेत अॅक्रन गावात दोन दारुड्यांनी एकमेकांना सांभाळत सुरू केलेली ही गोष्ट. फी नाही, पावती नाही, बाहेरच्यांची देणगीसुद्धा घेत नाहीत. शाळेच्या वर्गात बाकांवर बसून माणसं बोलतात, चहा पितात, घरी जातात. माळ आणि पुडी, सोनं आणि अल्ब्युमिन इतकं सगळं झाल्यावर जे लागू पडलं ते फुकट होतं. हिशोबनीस बाईला हे पचायला जरा वेळ लागला.

आता दादा पीत नाही. सहा-सात वर्षं झाली असतील, तारीख तोच लक्षात ठेवतो. लिव्हर पूर्वीसारखं होणार नाही, पण टिकून आहे. तो सकाळी भाजी आणतो, वहिनीच्या गुडघ्यांना तेल लावतो, डब्यांचे पैसे लिहून ठेवतो. आणि तरी त्या घरात पैसा अजून नीट बसत नाही. दादाचं तुटपुंजं पेन्शन जमा झालं की वहिनी त्याच दिवशी काढून आणते आणि चार ठिकाणी ठेवते. दादाला जागा माहीत आहेत. तो हात लावत नाही. मी तिला म्हटलं, आता बँकेत राहू दे ना. ती म्हणाली, "मला कळतं हो ताई, पण हाताला कळत नाही."

भाचीचं प्रकरण मला जास्त खुपतं. चांगली कमावते, पुण्यात आहे. स्वतःचा पगार किती हे तिनं आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही, मलाही नाही. लग्नाचा विषय निघाला की ती मुलाच्या पगाराबद्दल विचारत नाही. त्याच्या घरी शनिवारी रात्री काय चालतं ते विचारते. दोन चांगली स्थळं 'सोशल ड्रिंकिंग' या एका शब्दावर तिनं परतवली. आई-बापाला तिचं वागणं टोकाचं वाटतं, मला वाटत नाही. शाळेत असताना ती मैत्रिणींना घरी कधी बोलवायची नाही आणि त्यासाठी तिनं वर्गात सांगून ठेवलं होतं की आमच्याकडे आजी फार आजारी असते. आजी ठणठणीत होती. त्या मुलीनं इंजिनीअरिंगला नंबर लागत असताना डिप्लोमा घेतला, कारण लवकर कमवायचं होतं. ही पगारातली तफावत तिच्या निवृत्तीपर्यंत चालू राहील. तो आकडा मी एकदा काढायला बसले होते. मग वही मिटली.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये दारूतून बाहेर पडायच्या बारा पायऱ्या असतात. त्यात एक पायरी ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करण्याची आहे आणि पुढची, जमेल तिथं भरपाई करण्याची. त्याच्या यादीत सिन्नरचा दोस्त पहिल्या पाचात होता. त्याच्या पगारातून किती कापले गेले ते पतसंस्थेच्या जुन्या खातेवहीत मिळालं. दादानं दरमहा दोन हजार फोनवरून पाठवायला सुरुवात केली. पैसे पोचतात. दोस्त उत्तर देत नाही. पहिल्या हप्त्याबरोबर दादानं चार ओळींचा मेसेज लिहिला होता, त्यावर निळ्या खुणा उमटल्या, बस. दिवाळीला दादा शुभेच्छा पाठवतो, त्याचंही तेच. पतसंस्थेतल्या एका जुन्या शिपायाकडून कळलं की दोस्त ठीक आहे, मुलगी बाळंतपणाला आली होती.

गेल्या महिन्यात मुद्दल फिटली. दादा वही घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "व्याज लाव." मी म्हटलं, त्यानं मागितलेलं नाही. "तू लाव तर." मग मी पतसंस्थेच्या त्या वेळच्या कर्जाच्या दरानं, कपात सुरू झाली त्या महिन्यापासून, सरळव्याजानं हिशोब केला. चक्रवाढ लावू का, असं विचारलं तर दादा हसून म्हणाला, "तेवढं नको, मरायच्या आत फिटलं पाहिजे." सरळव्याजाचेच अजून बरेच हप्ते निघाले. त्यानं आकडा वहीत उतरवून घेतला, फोन काढला आणि चालू महिन्याचे दोन हजार पाठवून दिले.